मोटारसायकलचं वेड आयुष्यभर टिकतं का, आणि पुन्हा सुरुवात करायची तर कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७. विशीत मोटारसायकल होती, रोज चालवली, संसार वाढला तेव्हा विकली. त्यानंतर चारचाकीच. आता पुन्हा घ्यावीशी वाटते, पण शंका आहेत. हे वेड टिकेल, की चार महिन्यांत गाडी कव्हरखाली जाईल? तरुणपणी होती तीच जुनी गाडी शोधून जन्मभर जपावी, की नवी घेऊन दर काही वर्षांनी बदलत राहावं? आणि ‘या वयात हे कशाला’ असं घरचे म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

मी बरीच वर्षं मोटारसायकल चालवायला शिकवते आहे आणि त्याहून जास्त वर्षं स्वतःच्या गाड्या स्वतः उघडून पुन्हा जोडते आहे. त्या बळावर पहिल्या शंकेचं उत्तर सरळ देते. वेड टिकतं, पण सगळ्यांचं नाही. कुणाचं टिकेल हे गाडी घेण्याआधीच बऱ्यापैकी ओळखता येतं. ज्याला गाडी आपल्याकडे *असावी* असं वाटतं त्याची हौस गाडी नवी आहे तोवर असते. ज्याला चालवताना आपलं काय चुकतं, गाडी आत कशी चालते, आज पिकअप कालच्यापेक्षा जड का वाटतो असे प्रश्न पडतात, त्याची हौस गाडीबरोबर जुनी होत नाही. प्रश्नात तुम्ही इंजिन किती सीसीचं घ्यावं हे विचारलेलं नाही, ‘जपावी का’ असं विचारलं आहे. मला ते चांगलं लक्षण वाटतं.

आता हे वेड का लागतं, हे आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वारा, मोकळेपणा, आवाज या गोष्टी खऱ्याच, पण त्यांची सवय होते. सवय होत नाही ती एका गोष्टीची: मोटारसायकलवर तुम्ही प्रवासी नसता, यंत्राचा भाग असता. दीडशे किलोच्या गाडीवर पंच्याहत्तर किलोचा माणूस बसला की एकूण वजनाचा एक तृतीयांश भाग म्हणजे तो माणूस. बाराशे किलोच्या मोटारीत हेच प्रमाण सहा टक्के. मोटारीत तुम्ही मान वळवलीत तर मोटारीला पत्ता लागत नाही. मोटारसायकलवर खांदा आखडला, श्वास अडला, नजर चुकीच्या जागी खिळली तरी रेषा बदलते. म्हणून पस्तीस वर्षं चालवल्यावरही एखादं वळण आज नीट घेतलं, काल घेतलं नव्हतं, हे कळतं आणि उद्या पुन्हा जावंसं वाटतं.

वळणाचं उदाहरण मुद्दाम घेते. परत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी विचारते, उजवीकडे वळताना हँडलचं काय करता? उत्तर येतं, ‘उजवीकडे फिरवतो’ किंवा ‘नुसता झुकतो’. पायी चालण्याइतक्या वेगात पहिलं उत्तर बरोबर आहे. पण वेग थोडा वाढला की घडतं ते उलटं. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. पुढचं चाक क्षणभर डावीकडे वळतं, रस्त्याला टेकलेला टायर तुमच्या खालून डावीकडे सरकतो, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते आणि कलली की वळते. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचा सायकलींचा धंदा होता. त्यांतल्या विल्बर राइटनं डझनावारी सायकलस्वारांना हाच प्रश्न विचारला होता आणि पहिल्या फटक्यात नेमकं उत्तर एकालाही देता आलं नाही, असं त्यानं नोंदवलं आहे. हात हे आपोआप शिकतात, डोक्याला माहीत नसतं. एरवी बिघडत नाही. बिघडतं ते अचानक समोर काही आलं की. तेव्हा डोकं हातांकडून काम काढून घेतं आणि हँडल धोक्यापासून दूर फिरवू पाहतं. गाडी नेमकी धोक्याकडे कलते. ज्याला मूठ ढकलण्याची क्रिया जाणीवपूर्वक करता येते, त्याला त्या क्षणी पर्याय असतो. हे एकट्यानं, रिकाम्या मोकळ्या जागेत, तीस-चाळीसच्या वेगात करून बघा. उजवी मूठ हलकेच ढकला आणि गाडी काय करते ते फक्त पाहा. अनेकांना पहिल्यांदा हे जाणवतं तेव्हा ते थांबून हसतात.

धोक्याचा विषय दुसरा घेते, कारण घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि ‘काही होत नाही हो’ हे उत्तर अप्रामाणिक आहे. मोटारसायकल मोटारीपेक्षा पुष्कळ धोकादायक आहे. फक्त तो धोका कुठून येतो हे माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस यांची जोखीम सारखी नसते. या बाबतीत अजूनही सगळ्यात कामाचा दस्तऐवज माझ्या मते जुनाच आहे: दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या चमूनं लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली तपासणी. अहवाल १९८१ साली आला. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, पण माणसं कशी चुकतात ते फारसं बदललेलं नाही.

त्यातल्या काही गोष्टी तुमच्यासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांचा *त्या विशिष्ट गाडीवरचा* अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, एकूण चालवण्याचा अनुभव मात्र सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता. ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांश वेळा चूक समोरच्याची होती. त्यानं मोटारसायकल पाहिलीच नव्हती, किंवा दिसली ती उशिरा. सगळ्यात जास्त वेळा घडलेला प्रकार म्हणजे मोटारसायकल सरळ चालली आहे आणि समोरून येणारी मोटार तिच्या आडवी वळते. दुसरं वाहन नसलेल्या अपघातांत दोन तृतीयांश वेळा चालकाचीच चूक, आणि तीही ठराविक: ब्रेक जास्त दाबून घसरणं किंवा वळणात बाहेर फेकलं जाणं. धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत मिळणारा वेळ दोन सेकंदांहून कमी. अपघाताआधीचा मध्यम वेग ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वेडा वेग नव्हे. आणि बहुतेक प्रवास छोटे, किरकोळ कामाचे. अपघात निघाल्या जागेपासून जवळच झालेले.

हे वाचून घाबरू नका, पण यातून वेळापत्रक काढा. नव्या गाडीवरचे पहिले पाच-सहा महिने हा खरा कसोटीचा काळ आहे, मग तुम्ही विशीत कितीही चालवलेली असो. उलट परत येणाऱ्यांची अडचण अशी की हात जुनं विसरलेले नसतात. क्लच, गिअर, तोल हे सगळं दहा मिनिटांत परत येतं आणि माणसाला वाटतं, आलं सगळं. परतलेला असतो तो गाडी हलवण्याचा भाग. थांबवण्याचा आणि टाळण्याचा भाग सरावाशिवाय येत नाही, आणि खरं सांगायचं तर विशीतही तो बहुतेकांना आलेला नसतो. तेव्हा नशीब आणि प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही जलद असतात.

थांबण्याचं गणित एकदा नीट बघा. कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर, सराव असलेला चालक असं धरलं आणि धोका कळून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला असं मानलं, तर ताशी ५० किलोमीटर वेगात थांबायला साधारण २८ मीटर लागतात. ताशी १०० ला साधारण ८३ मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. यातला प्रत्यक्ष ब्रेक लागण्याचा भाग वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे तो चौपट होतो. आणि हे आकडे पुढचा ब्रेक पुरेपूर वापरणाऱ्याचे आहेत. ‘पुढचा ब्रेक दाबू नये, माणूस उडून पडतो’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा पसरवलं त्यानं बरंच नुकसान केलं आहे. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. पकड पुढे असते, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो झटक्यानं दाबायचा नसतो. आधी हलका दाब, फोर्क (पुढचं चाक धरणारे शॉक अब्सॉर्बर) खाली बसू द्यायचा, वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग वाढवत न्यायचा. या दोन टप्प्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी असतं, पण नेमकं तेच शिकावं लागतं. दर आठवड्याला मोकळ्या जागी दहा-बारा वेळा केलंत तरी पुरे. मी अजून करते.

वेगापेक्षा संथ चालवणं अवघड असतं, हेही परत येणाऱ्यांना नव्यानं कळतं. माणूस किती तयार आहे हे बघायचं असेल तर मी त्याला पळवत नाही. लहानशा जागेत इंग्रजी आठचा आकडा काढायला लावते. क्लच अर्धवट धरलेला, मागचा ब्रेक हलका लागलेला, नजर पुढच्या चाकावर नाही तर जिथे पोहोचायचं तिथे. मान पूर्ण वळली नाही की पाय टेकतो. हा सराव ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांची गाडी पुढे कव्हरखाली जाते, असा माझा अनुभव आहे. कदाचित हा योगायोग असेल, पण तो फार वेळा पाहिला आहे.

गाडी कोणती, यावर थोडक्यात. सीसी नंतर, आधी वजन आणि सीटची उंची. दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असं नाही. माझे कुठल्याच मोठ्या गाडीवर टेकत नाहीत. एक पाय नीट टेकला आणि थांबताना तो कुठला टेकायचा हे आधी ठरवलं तर चालतं. पण गाडी बंद असताना तिला हातानं ढकलत मागे घेता आली पाहिजे आणि आडवी पडली तर उभी करता आली पाहिजे. हे दुकानातच करून बघा, लाजू नका. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठ आणि मनगट ही इंजिनापेक्षा महत्त्वाची. पुढे वाकून बसायची गाडी तासाभरात मनगटावर वजन टाकते. पाय पुढे पसरून बसायची गाडी दिसायला आरामशीर, पण खड्ड्याचा दणका थेट कण्यात जातो, कारण पायावर भार देऊन उठता येत नाही. पाठ सरळ आणि पाय जवळपास पोटाखाली, ही बैठक लांब पल्ल्याची आहे. आणि गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असू द्या. मोटारसायकलवर ते पहिल्यांदा १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आलं, म्हणजे तुमच्या तारुण्यात ते जगात होतं, पण सामान्य माणसाच्या गाडीवर नव्हतं. जुन्या चालकांना ते कमीपणाचं वाटतं. दोन सेकंदांचा हिशेब वर दिला आहे. त्यात ओल्या रस्त्यावर पुढचं चाक लॉक झालं तर सुधारायला वेळ उरत नाही.

आता ‘तीच जुनी गाडी शोधू का?’ शोधा, पण पहिली म्हणून नको. तुम्हाला आठवते ती गाडी नसते, विशीतले तुम्ही असता. तिचे ड्रम ब्रेक तेव्हा पुरेसे वाटले कारण तुलना नव्हती. हेडलाइटचा पिवळा उजेड तेव्हाच्या डोळ्यांना चालत होता; पंचेचाळिशीनंतर डोळ्यांना रात्री जास्त उजेड लागतो. शिवाय जुन्या गाडीची माहिती नसलेला माणूस तिच्यावर रोज अवलंबून राहिला तर एका पावसाळ्यात वैतागतो आणि वैतागाला वेड संपलं असं नाव देतो. आधी एक निरोगी, साधी, हलकी गाडी घ्या. तिच्यावर वर्षभर चालवा, तिची कामं हातानं करा. मग जुनी आणा. तेव्हा तिचे रुसवे तुम्हाला ओळखता येतील.

जपावी की बदलावी, यावर माझं मत पक्कं आहे: जास्त काळ ठेवावी. एक कारण हर्ट अहवालातलंच. दर दोन वर्षांनी गाडी बदलणारा दर दोन वर्षांनी त्या पहिल्या पाच महिन्यांत परत जातो. त्याला ब्रेक कुठे चावतो, टायर कधी सुटायला लागतो, वळणात ऍक्सिलरेटर किती उघडला की गाडी सरळ होते हे पुन्हा शिकावं लागतं, आणि शिकून संपेपर्यंत गाडी विकायला निघते.

दुसरं कारण सांगायला बर्ट मन्रो बरा. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा हा माणूस. १९२० साली त्यानं नवी इंडियन स्काउट घेतली. सहाशे सीसीची, जेमतेम ताशी नव्वदपर्यंत जाणारी. ती त्यानं म्हातारपणी आजारानं थांबवेपर्यंत सोडली नाही. पैसा नव्हता, म्हणून पिस्टन स्वतः ओतायचा, त्यासाठी साचा म्हणून जुने डबे वापरायचा, मोजमापाला चाकाची जुनी तार घासून वापरायचा. फुटलेले, वितळलेले भाग त्यानं फेकले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर मांडून वर लिहून ठेवलं की ही वेगाच्या देवाला वाहिलेली अर्घ्यं. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं त्याच गाडीवर हजार सीसीखालच्या गटाचा विक्रम केला. इंजिन तोवर साडेनऊशे सीसीचं झालं होतं. नोंदीतली एक चूक त्याच्या मुलानं दाखवून दिल्यावर २०१४ साली आकडा दुरुस्त झाला: ताशी १८४ मैलांच्या थोडा वर, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर. लोक यातला वेग लक्षात ठेवतात. मला सत्तेचाळीस वर्षं लक्षात राहतात. इतका काळ एकाच यंत्राला प्रश्न विचारत राहिल्यावर त्याच्याकडून जे निघालं ते कुठल्याही दुकानात विकत मिळालं नसतं. आपल्याला विक्रम करायचा नाही, पण पद्धत तीच.

म्हणून कामं स्वतः करा. सगळी नाही, इंजिन उघडणं, बेअरिंग दाबून बसवणं हे मेकॅनिकवर सोडा. पण चेन, टायर, ऑइल, प्लग, ब्रेकचं तेल, केबल एवढं हाताखालचं असू द्या. पैसे वाचतात म्हणून नव्हे. गाडी बोलते ती भाषा या कामांतूनच कळते.

चेनपासून सुरुवात करा. मोठ्या स्टँडवर चाक हातानं फिरवत चेनचा ढिलेपणा वेगवेगळ्या जागी बघा. तो सगळीकडे सारखा नसतो. जिथे चेन सगळ्यात ताठ आहे तिथे मोजा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याइतकी ढिली ठेवा. बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ लागतो. ढिली चेन आवाज करते म्हणून लोक ताठ करतात, आणि ताठ चेन आवाज न करता गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) खाते. ऑइल लावायचं ते फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, म्हणजे ते आत शिरतं. रबरी रिंगांची चेन असेल तर पेट्रोलनं धुऊ नका, रिंगा जातात.

असाच आवाजाचा गैरसमज टॅपेटच्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या, बाबतीत आहे. व्हॉल्व्हची टिकटिक ऐकली की नवा माणूस घाबरतो आणि मेकॅनिकला म्हणतो, आवाज बंद करा. मेकॅनिक टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट कमी करतो, आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पण फट गरजेपेक्षा कमी झाली की इंजिन तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) पूर्ण मिटत नाही. तो मिटतो तेव्हाच आपली उष्णता ज्या कडेवर टेकतो तिला देऊन थंड होतो. मिटला नाही की जळतो. हलकी टिकटिक करणारं इंजिन सहसा ठीक असतं. सर्व्हिसिंगनंतर अचानक गप्प झालेल्या इंजिनाची फट मी पुन्हा मोजते.

इंजिन ऑइल मोटारीचं उरलेलं ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या तेलाचा जपानी दर्जा) असं लिहिलेलं बघा. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर सारखे ब्रेक लावताना ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मुठीपर्यंत येतो. दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चाललेली असली तरी. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घ्यायला गेलात तर आधी हे वाचा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून विकणारा मिरवतो आणि रबर दहा वर्षांचं, दगड झालेलं असतं.

आणि उभी गाडी. गाडी चालवण्यापेक्षा उभी ठेवून जास्त खराब होते. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि केसाएवढ्या छिद्राची पायलट जेट (संथ चालीला पेट्रोल देणारी नळी) तुंबते. महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा. बॅटरीचा व्होल्ट मोजा. पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली बराच काळ राहिली तर प्लेटांवर थर बसून ती कायमची कमजोर होते. ‘आठवड्यातून पाच मिनिटं जागेवर चालू करतो’ हा उपाय बहुतेक वेळा अपायच. इंजिन नीट तापत नाही, जळण्यातून झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं. चालू करायची तर अर्धा तास चालवून आणा, नाहीतर हात लावू नका. (नुसत्या प्रदर्शनात मांडायच्या, कधीच न चालणाऱ्या चकाचक जुन्या गाड्यांबद्दल माझं मत इथे लिहीत नाही. मित्र दुखावतात.)

घरच्यांच्या प्रश्नाकडे परत येते. त्यांना आकडे सांगू नका, करार करा. पहिलं कलम हेल्मेट. १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पहिल्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश अधिकारी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, ब्रफ सुपीरियर गाडीवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला, फेकला गेला आणि डोक्याच्या जखमेनं सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा न्यूरोसर्जन होता. त्यानं पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि ब्रिटिश सैन्यानं निरोप नेणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आजवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो की अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या जखमेची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. काम करतो तो बाहेरचा टणक कवच नव्हे, आतला थर्मोकोलसारखा थर. तो चेपला जातो म्हणून धक्का मेंदूपर्यंत कमी पोहोचतो. एकदा चेपलेला थर परत फुगत नाही आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून पडलेलं हेल्मेट बदलायचं, दुसऱ्याचं वापरलेलं घ्यायचं नाही, आणि गाल दाबले जातील इतकं घट्ट घ्यायचं. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेआधीच डोक्यावरून जातं. बाकीची कलमं सोपी: हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि जॅकेट कोपऱ्यावर जायचं असलं तरी; दारू एक घोटही घेतली तर गाडी तिथेच राहील; दमलात की फोन करून मुक्काम कराल. ही कलमं सहा महिने निमूट पाळलेली दिसली की घरचे आपणहून मऊ होतात.

आयुष्यभर म्हणालात, म्हणून शेवटाचंही बोलते. वय वाढतं तशी गाडी हलकी होत गेली पाहिजे, आणि हे ज्यांना कमीपणाचं वाटतं ते लवकर सोडतात. जगात सगळ्यात जास्त खपलेली मोटारसायकल कुठली? होंडाची सुपर कब. १९५८ साली आली, छोटं इंजिन, हातानं क्लच दाबायची गरज नाही. २०१७ पर्यंत दहा कोटींहून जास्त बनल्या. सत्तरीतली बरीच मंडळी तिच्यावर किंवा तसल्याच गाडीवर मजेत फिरतात. मान मागे वळेनाशी झाली, औषधानं झोप यायला लागली, संथ आठ काढताना सारखा पाय टेकू लागला, तर गाडी बदलायची किंवा थांबायचं. वयाचा आकडा मी कुणाला सांगत नाही; आठ काढायला लावते.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. गाडी घेऊ नका. आधी डोळे तपासून घ्या, मग एखाद्या प्रशिक्षण वर्गात त्यांच्याच गाडीवर दोन दिवस घालवा. त्यानंतरही हवीशी वाटली तर घ्या, आणि पहिल्या सहा महिन्यांत रात्र, पाऊस आणि मागे बसलेला माणूस या तिन्ही गोष्टी एकेक करून आणा, एकत्र नको. मागे बसवायचं सगळ्यात शेवटी. वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं पडतं, वळणात गाडी जड वाटते आणि ब्रेकचं अंतर तुम्ही हातात बसवलेलं उरत नाही. त्याआधी टायरची हवा आणि मागचा शॉक अब्सॉर्बर पुस्तिकेप्रमाणे वाढवून घ्या.